पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, पण पैसे आलेच नाहीत: खोटा एसएमएस ओळखणं आणि तक्रार करणं

प्रश्न असा आहे: अनोळखी माणसाचा फोन येतो, मागोमाग ‘तुमच्या खात्यात अमुक रुपये जमा’ असा एसएमएस येतो आणि तो माणूस ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत पाठवा’ म्हणतो. मेसेज खरा की खोटा हे कसं ओळखायचं, आणि तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी थेट उत्तर. पैसे जमा झाले की नाही हे एसएमएस ठरवत नाही, खात्याचा उतारा ठरवतो. बँकेचं ॲप किंवा पासबुक उघडा आणि त्या रकमेची नोंद शोधा. नोंद नसेल तर मेसेज खोटा, मग तो कितीही खरा दिसो. आणि नोंद असली तरी स्वतःहून एक रुपयाही परत पाठवायचा नाही. हा दुसरा भाग अनेकांना पटत नाही, त्यामुळे त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

फसवणुकीची रचना समजली की मेसेजमधल्या खुणा आपोआप दिसायला लागतात. फोन करणारा सहसा ओळख काढून सुरुवात करतो: ‘तुमच्या वडिलांचे पंधरा हजार द्यायचे होते, त्यांचं यूपीआय चालत नाही, त्यांनी तुमचा नंबर दिला.’ मग ‘पाठवतोय, बघा हं’ म्हणतो आणि फोन चालू असतानाच एसएमएस येतो, १०,००० रुपये जमा. लगेच दुसरा येतो, ५०,००० रुपये जमा. मग आवाज घाबराघुबरा होतो: ‘अरे, पाच हजार टाकायचे होते, एक शून्य जास्त पडलं. पंचेचाळीस हजार परत करा, दवाखान्यात भरायचेत.’ दोन्ही एसएमएस त्याने स्वतःच्या फोनवर टाइप करून पाठवलेले असतात. रक्कम मुद्दाम अशी निवडलेली असते की एका शून्याची चूक सहज खरी वाटावी. फोन तो तुम्हाला ठेवू देत नाही, कारण ठेवलात की तुम्ही खातं तपासाल. म्हणून पहिली कृती एकच: ‘तपासून सांगतो’ म्हणून फोन बंद करायचा. खरोखर चूक झालेल्या माणसाला दहा मिनिटांनी काही फरक पडत नाही.

आता मेसेज कुठून आला ते बघा. भारतात बँका आणि कंपन्या व्यावसायिक एसएमएस साध्या मोबाइल नंबरवरून पाठवत नाहीत. दूरसंचार नियामक संस्था असलेल्या ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यांना पाठवणाऱ्याचं नाव, म्हणजे हेडर, आणि मजकुराचा साचा, दोन्ही आधी नोंदवावे लागतात. त्यामुळे बँकेच्या मेसेजवर नंबराच्या जागी दोन अक्षरं, आडवी रेघ आणि मग बँकेचं साधारण सहा अक्षरी नाव दिसतं. पहिली दोन अक्षरं दूरसंचार कंपनी आणि सर्कल, म्हणजे तिचं सेवा क्षेत्र, दाखवतात, ती प्रत्येक वेळी वेगळी असू शकतात, तिकडे लक्ष देऊ नका. २०२५ पासून शेवटी आणखी एक रेघ आणि एक अक्षर येतं: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी मेसेजला ‘जी’. दहा अंकी मोबाइल नंबरवरून ‘क्रेडिटेड’ असा मेसेज आला तर पुढचं काही वाचायचीच गरज नाही, तो बँकेचा नाही. परदेशी कोडचा नंबर, ईमेल पत्ता, किंवा बँकेचं बोधचिन्ह लावलेलं व्हॉट्सॲप खातं यांनाही हेच लागू. एखादं हेडर कोणाच्या नावावर नोंदलं आहे हे ट्रायच्या हेडर शोधण्याच्या संकेतस्थळावर बघता येतं: एसएमएसहेडर डॉट ट्राय डॉट गव्ह डॉट इन.

मजकुराचा साचा नोंदवलेला असतो, याचा आपल्याला फार मोठा फायदा आहे. तुमची बँक जमा रकमेचा मेसेज दर वेळी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने पाठवते. बदलते फक्त रक्कम, तारीख, पाठवणारा आणि संदर्भ क्रमांक. म्हणून संशयित मेसेज आपल्या बँकेच्या मागच्या महिन्यातल्या मेसेजशेजारी ठेवून वाचा. खोट्यात हमखास सापडणाऱ्या गोष्टी अशा: खात्याचे शेवटचे अंक नाहीत किंवा चुकीचे आहेत (‘अकाउंट एक्सएक्सएक्सएक्स’ एवढंच लिहून भागवलेलं असतं), तुमची बँक शिल्लक लिहीत असेल तर ती गायब, रकमेच्या आधी एकदा ‘आरएस’, तर पुढे ‘आयएनआर’, बँकेचं नाव ‘तुमची बँक’ असं मोघम, रकमेतला स्वल्पविराम भलत्याच जागी. संदर्भ क्रमांकही मोजा. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकी. मेसेजमध्ये ‘यूपीआय’ लिहून पुढे नऊच आकडे असतील तर तो हाताने रचलेला आहे. उलट बरोबर १२ आकडे असले म्हणून मेसेज खरा ठरत नाही, कारण बारा आकडे कोणीही टाइप करू शकतं. या सगळ्या खुणा खोटं पकडायला उपयोगी आहेत, खरं सिद्ध करायला नाहीत.

हेडर बरोबर असूनही मेसेज खोटा असू शकतो का? असू शकतो, पण क्वचित. बनावट मोबाइल टॉवरसारखं काम करणारी बेकायदा उपकरणं आसपासचे फोन जुन्या टूजी जाळ्यावर ओढतात आणि हवं ते नाव लावून एसएमएस टाकतात. असा मेसेज दूरसंचार कंपनीच्या गाळणीतून जातच नाही, त्यामुळे तो बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच यादीत येऊन बसतो. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करण्याची सोय आहे. तुमच्या भागात फोरजी नीट चालत असेल तर ती जरूर वापरा. पण खरा बचाव तोच, उतारा तपासणं.

तपासायचं कसं, तेही सांगतो. बँकेच्या ॲपमध्ये ‘मिनी स्टेटमेंट’ किंवा ‘व्यवहार’ उघडा. नुसती शिल्लक बघू नका, कारण आधी किती होती हे आठवत नसेल तर त्या आकड्यावरून काही कळत नाही. इंटरनेट नसेल तर बँकेकडे नोंदलेल्या नंबरवरून *९९# डायल करून शिल्लक कळते, आणि बहुतेक बँकांची मिस्ड कॉल सेवाही आहे. मेसेजमध्ये दिलेल्या लिंकवरून किंवा नंबरवरून तपासणी कधीच करायची नाही. तसंच ‘कस्टमर केअर नंबर’ म्हणून इंटरनेटवर शोधून जो पहिला दिसेल तो लावायचा नाही. चोरटे असे नंबर पेरून ठेवतात. नंबर डेबिट कार्डच्या मागे, पासबुकवर किंवा बँकेच्या ॲपमध्ये असतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आली आहेत, आणि बँकांचे सेवाविषयक कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत असा नियम आहे. बँकेतून बोलतोय म्हणणारा साध्या मोबाइलवरून बोलत असेल तर तिथेच थांबा.

दुकानदारांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे एसएमएसच्या जागी ग्राहकाच्या फोनची स्क्रीन असते: हिरवी खूण, रक्कम, दुकानाचं नाव, वर टुंग असा आवाजही. हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी बनावट ॲप मिळतात, ज्यात नाव आणि रक्कम भरली की यशस्वी व्यवहाराची स्क्रीन तयार होते. म्हणून ग्राहकाचा फोन हा पुरावा धरायचा नाही. आपल्या साउंडबॉक्समधून आलेली घोषणा किंवा आपल्या व्यापारी ॲपमधली नोंद, एवढंच ग्राह्य. गर्दीच्या वेळी आवाज ग्राहकाच्या खिशातून आला की आपल्या बॉक्समधून, याकडे गल्ल्यावरच्या माणसाने लक्ष द्यायला हवं. ‘सर्व्हर डाउन आहे, तासाभरात येतील, माल द्या’ असं कोणी म्हणालं तर माल थांबवा. पैसे खरोखर कापले जाऊन दुकानदाराच्या खात्यात पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ग्राहकाला आपोआप परत मिळायला हवेत. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई आहे. म्हणजे प्रामाणिक ग्राहकाचं नुकसान होत नाही, हे त्याला शांतपणे सांगता येतं.

आता तो अवघड भाग: पैसे खरंच आले आहेत आणि कोणीतरी परत मागतोय. शक्यता दोन आहेत. एक, खरी चूक. दोन, ते पैसे तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून चोरलेले आहेत आणि तुमचं खातं मधली पायरी म्हणून वापरलं जातंय. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सांगितलेल्या यूपीआय आयडीवर ‘परत’ पाठवलेत, तर चोरीचा माल पुढे सरकवणारे तुम्ही ठरता. ज्याचे पैसे गेले तो तक्रार करतो, साखळीत तुमचं खातं दिसतं, आणि बँक त्या रकमेवर होल्ड लावते, म्हणजे ती रोखून धरते, किंवा खातंच गोठवते. मग तुम्ही तर ती रक्कम आधीच देऊन बसलेले असता. म्हणून मागणाऱ्याला एकच वाक्य सांगा: ‘तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेने विचारलं की मी संमती देतो.’ त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा: अमुक तारखेला, अमुक संदर्भ क्रमांकाने, इतकी रक्कम आली आहे, ती माझी नाही, आलेल्या मार्गानेच परत करावी. ईमेल केलात तर उत्तम; शाखेत अर्ज दिलात तर पोचीचा शिक्का घ्या. ती रक्कम खर्चू मात्र नका. दुसऱ्याची रक्कम अप्रामाणिकपणे वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे.

याच कुटुंबातले आणखी काही मेसेज आहेत, ते थोडक्यात. ‘तुमच्या खात्यातून २४,९९९ रुपये गेले, तुम्ही केले नसतील तर या नंबरवर फोन करा’ असा खोटा वजावटीचा मेसेज येतो. तो नंबर चोरट्याचा असतो आणि पुढे स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात. ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ हे सरळ खोटं. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी आणि शिल्लक बघण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. व्यक्तीने व्यक्तीला यूपीआयवरून पैसे मागण्याची विनंती पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे, तरी पिन टाकण्याआधी वर कोणाचं नाव आणि किती रक्कम दिसतेय ते वाचाच. ‘पैसे अडकलेत, *२१* किंवा *४०१* लावून हा नंबर डायल करा’ असं सांगितलं तर तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवरून येणारे ओटीपीही त्यालाच मिळतात; चुकून डायल केलंत तर ##००२# ने सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. आणि अगम्य अक्षरांचा एखादा एसएमएस तुमच्याकडून दुसऱ्या नंबरवर पाठवायला लावला तर मुळीच पाठवू नका. यूपीआय ॲप फोन आणि सिमची जोडणी अशाच एसएमएसने करतं. तो तुमच्या सिमवरून गेला की त्याच्या फोनवर तुमच्या नंबराचं यूपीआय सुरू होण्याची वाट मोकळी होते.

तक्रारीचे मार्ग दोन आहेत, आणि पैसे गेले की नाही यावर कोणता धरायचा हे ठरतं. इथे गल्लत झाली की मोलाचा वेळ जातो.

पैसे गेलेले नाहीत, नुसता खोटा मेसेज किंवा फोन आला आहे: दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. एसएमएस, कॉल की व्हॉट्सॲप हे निवडा, प्रकार निवडा, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ भरा, स्क्रीनशॉट जोडा, आपल्या नंबरावर आलेला ओटीपी टाका. मेसेज गेल्या ३० दिवसांतला हवा. या तक्रारींवरून त्या सिमची पुन्हा पडताळणी होते आणि त्यात तो टिकला नाही तर नंबर बंद होतो. दुसरा मार्ग १९०९: मेसेजचा पूर्ण मजकूर, स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा हेडर, स्वल्पविराम, तारीख, असं लिहून १९०९ वर एसएमएस करायचा, सात दिवसांच्या आत. ट्रायच्या डीएनडी ॲपवरूनही हे होतं आणि तिथे मजकूर पुन्हा टाइप करावा लागत नाही. फोनमधलं ‘ब्लॉक करा आणि स्पॅम कळवा’ हे बटण जरूर दाबा, पण ती सूचना फोन किंवा ॲप बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, सरकारी यंत्रणेकडे नाही. आणि आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. हा क्रम उलटा झाला की तक्रारीत भरायला काही उरत नाही.

पैसे गेले आहेत: चक्षू नाही, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लावा. लगेच, त्याच मिनिटाला. हे घाईने का करायचं ते समजून घ्या. तुमची तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला यंत्रणेतून सूचना जाते आणि खात्यात जेवढं शिल्लक असेल त्यावर होल्ड लागतो. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला सूचना जाते. एटीएममधून रोख निघाली की साखळी तिथे तुटते. चोरटे रक्कम मिनिटांत चार-पाच खात्यांत फोडतात, म्हणून ‘संध्याकाळी मुलगा आला की बघू’ म्हणणं महागात पडतं.

फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: तुमची बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, पैसे गेले तो यूपीआय आयडी किंवा खातं, चोरट्याचे नंबर. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाचही क्रमांक स्वतंत्र सांगा. एकत्रित रक्कम सांगून भागत नाही, कारण शोध क्रमांकावरूनच लागतो. सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. ॲपमध्ये व्यवहाराखाली दोन क्रमांक दिसतात, एक ॲपचा स्वतःचा लांबलचक आणि एक बँकेचा १२ अंकी. सांगायचा तो १२ अंकी. एक आकडा चुकला की सूचना कोणालाच लागू पडत नाही, म्हणून दोनदा वाचून दाखवा. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर आर्थिक फसवणूक निवडून तीच माहिती भरा. पोचक्रमांक जपून ठेवा आणि फोनवर तक्रार दिली असेल तरी संकेतस्थळावरची पूर्तता करा. बरेच जण ती अर्धवट सोडतात. त्याच संकेतस्थळावर संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी आधी कोणी कळवला आहे का, हेही शोधता येतं.

सोबतच आपल्या बँकेला कळवून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय थांबवा आणि तिचा तक्रार क्रमांक वेळेसकट लिहून ठेवा. या वेळेला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिलीत तर तुमची जबाबदारी शून्य. तुम्ही ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ‘परत पाठवा’ प्रकारात मात्र पैसे तुम्ही स्वतः पाठवलेले असतात, त्यामुळे बँक त्याला अनधिकृत व्यवहार मानायला सहसा तयार होत नाही. अशा वेळी खरी आशा होल्डवरच असते, म्हणून १९३० आधी, बँक नंतर, असा क्रम ठेवा. घरात दोघं असाल तर दोन फोन एकाच वेळी करा.

पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देताना स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असं बघा, बँकेचा उतारा जोडा आणि मूळ मेसेज व कॉलची नोंद फोनमधून पुसू नका. फोन रिसेटही करू नका. चोरट्याने ॲप टाकायला लावलं असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला आणि ॲपच्या नावाचा स्क्रीनशॉट घेऊन मगच ते काढा. तोतयेगिरी करून संगणकीय साधनाने फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागू होतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

होल्ड झालेली रक्कम आपोआप परत येत नाही. कोणत्या बँकेत किती थांबवली आहे, हे तपास अधिकाऱ्याकडून लेखी घ्या आणि ती सोडवण्यासाठी त्यांच्यामार्फत पाठपुरावा करा. आपल्या बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. या काळात ‘तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला एवढी फी भरा’ असे फोन येऊ शकतात. फोन करणारा स्वतःला सायबर पोलिस म्हणवतो, कधी तुमची अडकलेली रक्कमही बरोबर सांगतो. ती रक्कम आधीच्याच टोळीला माहीत असते. तक्रारीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे सोडवण्यासाठी खासगी खात्यात किंवा यूपीआयवर फी भरावी लागत नाही. असा फोन आला तर त्याचा नंबर तुमच्या मूळ तक्रारीच्या पोचक्रमांकासह तपास अधिकाऱ्याला कळवा.